ग्रुपवरचं फूल

आमच्या घरात रोज सकाळी एक फूल यायचं. खरं नव्हे, फोनवरचं. वर गुलाब नाहीतर कमळ, खाली 'शुभ सकाळ', आणि कधीकधी कमळाच्या मागून उगाचच उगवणारा सूर्य. अशी फुलं कोणाच्या फोनवर येत नाहीत? माझ्या फोनवर इतकी येतात की मी बघतसुद्धा नाही, अंगठा फिरवते आणि पुढे जाते. पण माझे सासरे सटवाजीमामा त्यातलं एक फूल आल्याशिवाय चहाला हात लावायचे नाहीत. ते फूल चुडाव्याहून यायचं, त्यांच्या धाकट्या भावाकडून, भगवाननानांकडून. आणि ह्या दोघा भावांचा अबोला होता.

अबोला म्हणजे साधासुधा नाही. मी लग्न होऊन ताडकळसला आले, माझी लेक कॉलेजात गेली, तरी ह्या दोघांना एकमेकांशी एक शब्द बोलताना मी पाहिलं नाही. भावकीतल्या लग्नाला दोघं यायचे, एक मांडवाच्या ह्या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला बसायचा. अक्षता टाकायचे, जेवायचे, आपापल्या वाटेनं जायचे. आमच्या घरात नानांचं नाव काढायचं नाही हा शिरस्ता होता आणि आलेगेले पाहुणेसुद्धा तो पाळायचे.

हे सुरू झालं ते त्यांच्या आईच्या मातीच्या दिवशी. तानुबाई, म्हणजे माझी आजेसासू, गेली तेव्हा नाना सेलूला जिनिंगवर कामाला होते. निरोप जिनिंगच्या फोनवर गेला. नाना मिळेल त्या गाडीनं निघाले आणि गाडी नेमकी त्याच दिवशी रखडली. इकडे जाणती माणसं म्हणायला लागली, दिवस मावळायला आला, आता किती थांबायचं? मामा थोरले. त्यांनी अग्नी दिला. नाना ओढ्याकाठच्या स्मशानात पोचले तेव्हा आईचं तोंड बघायचं राहून गेलं होतं. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, तुला थांबता आलं न्हाई?" त्यानंतर नाना तेराव्यालाही आले नाहीत. गाव सोडलं, बायकोच्या माहेरी चुडाव्याला गेले आणि तिथंच शेती करून राहिले. मामांना ह्या गोष्टीचं काय वाटतं हे ते कधी बोलले नाहीत. पण कुणाच्याही मातीला गेले की ते हमखास विचारतात, कोणी यायचं राहिलंय का.

मग फोन आले आणि फोनच्या मागोमाग ग्रुप आले. मामांचा भाचा जीवन पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. त्यानं सगळ्या भावकीचा ग्रुप काढला, नाव दिलं 'तानुबाई परिवार', आणि वर आजीचा फोटो लावला. डोक्यावर पदर, कपाळाला मोठं कुंकू, आणि फोटो काढणाऱ्यावर जरा रागावलेली नजर. आता आईच्या नावाच्या ग्रुपमधून बाहेर कोण पडणार? दोघंही राहिले. बरेच दिवस दोघंही गप्प होते. मग एका सकाळी नानांनी एक गुलाब टाकला. मामांनी तो दिवसभर उघडून बघितला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, "रेणुका, असलं फूल कुठं भेटतं?"

तेव्हापासून नानांचं फूल आधी आणि मामांचं मागून, हा नेम झाला. पण नेमाला एक कायदा होता. फूल ग्रुपवरच टाकायचं. एकमेकांच्या नावावर, एकट्याला, कधीच नाही. मी एकदा म्हणाले, मामा, सरळ नानांनाच पाठवा की. तर मला एखाद्या अडाण्याला समजवावं तसं समजावलं. "एकट्याला धाडलं म्हंजे मी बोललो त्याला. ग्रुपवर टाकलं म्हंजे बोलणं न्हवं. ते समद्यासाठी असतंय. त्यात त्यानं बघितलं तर बघितलं." कायदा दोन्हीकडून पाळला जायचा. एकदा नानांनी कापसाच्या गंजीचा फोटो टाकला आणि मामांचं बोट चुकून त्याच्यावर लागून खाली बदाम उमटला. काय तो गोंधळ! मामांनी फोनच बंद करून उशाखाली ठेवला. सासूबाई, म्हणजे आमच्या सुलाबाई आत्या, हसून हसून बेजार झाल्या. मी तो बदाम काढून टाकला तेव्हा कुठं मामांनी फोन हातात घेतला. "त्यानं बघितला आसंल का?" हे मात्र त्यांनी मला दोनतीनदा विचारलं. बघितला असावा अशी त्यांची इच्छा होती, हे मला तेव्हाच कळलं.

असं सगळं ठीक चाललं होतं. ते बिघडवलं जीवननं.

गेल्या थंडीत त्यानं ग्रुपवर लिहिलं, "सर्व आदरणीय मंडळींना नमस्कार. हे अ‍ॅप आता सुरक्षित राहिलेलं नाही. आपण सगळे नवीन अ‍ॅपवर जात आहोत, लिंक खाली दिली आहे. जुना ग्रुप आजपासून बंद." त्याच्याखाली पटापट अंगठे उमटले. आमच्या भावकीत अंगठ्याचा अर्थ 'हो' असा नसतो, 'समजलं' असाही नसतो. नजर पडली, एवढाच असतो. नवीन अ‍ॅपची खूण निळी होती आणि जुन्याची हिरवी, म्हणून घरोघर एकच विचारणं सुरू झालं, तुमी अजून हिरव्यावरच हाव का निळ्यावर गेलाव? सुरक्षित म्हणे! आमच्या ग्रुपवरचं काय चोरीला जाणार होतं? तुरीचा भाव, बारशाचं बोलावणं, कुणाच्या म्हशीला झालेलं रेडकू. ह्यातलं काय चोरलं असतं चोरानं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा अंगणात फोन घेऊन बसले होते. चहा पुढ्यात निवलेला.

"रेणुका, ह्येला काय झालंय बघ बरं. भगवानचं फूल न्हाई आलं. मी टाकाया गेलो तर लिहायची जागाच न्हाई."

मी बघितलं. खाली जिथं लिहायचं तिथं एक करडी ओळ आली होती, 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात'. मी त्यांना समजावून सांगितलं, ग्रुप तिकडे निळ्यावर गेलाय, आपणही जाऊ, दोन मिनिटांचं काम. दोन मिनिटांचं काम म्हटलं की ते कधीच दोन मिनिटांत होत नाही. निळं उतरवायला गेले तर फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही. मामांचा फोन माझ्या नवऱ्यानं, नागेशनं, वापरून टाकलेला. मी बसले साफ करायला. कीर्तनाचे व्हिडिओ काढले, मूळव्याधीवरचे काढे काढले, कुठल्या तरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या पाट्या काढल्या. फोन आपला म्हणतोच आहे, जागा नाही. शेवटी राहिली ती नानांची फुलं. शेकड्यांनी होती. मामांनी एकही पुसलं नव्हतं.

"ही काढली की होईल," मी म्हणाले.

"ते ऱ्हाऊ दे."

"मामा, माझ्या फोनात घेऊन ठेवते. जात न्हाईत कुठं."

"तुझ्या फोनात तुझीच ढीगभर फुलं हायेत. त्यात माझ्या भावाची कोणती ते कसं वळखायचं?"

नागेशला म्हणाले, नवीन फोन आणा. तो म्हणाला, कापूस गेल्यावर बघू. मग मी मामांना म्हणाले, मीच हिरव्यावर नवा ग्रुप काढते, तुम्ही, नाना, मी आणि चुडाव्याची मनिषा. मनिषा म्हणजे नानांची सून, गोपाळची बायको, माझी चुलत जाऊ. मामांनी मान हलवली. "चौघांत टाकलं म्हंजे तोंडावरच बोललो की. भावकी पायजे." मग फोन लावून देते म्हणाले, तर माझ्याकडे असं बघितलं की मी चूलच पेटवायला गेले.

सकाळी फूल आलं नाही की माणसाचा दिवस कसा जातो, हे मी त्या दिवसांत बघितलं. मामा शेतात जायचे, येताना वाटेत थांबून फोन बघायचे. जेवताना ताटाशेजारी फोन. कुणी बोलत असलं तरी लक्ष तिकडेच. आत्याबाई म्हणाल्या, "एवढं वाटतंय तर जाऊन यावं की मानसानं." मामा ताटावरून उठले. त्यांचं एकच म्हणणं होतं, तो बरा असेल ना, एवढं कळलं की झालं. आणि ते कळायची त्यांच्याकडे ती एकच वाट होती.

मी जीवनला फोन केला. म्हणाले, जीवनभाऊ, तो जुना ग्रुप उघडा ठेवा ना, मामांना लई अडचण होतेय.

"वहिनी, असं कसं चालंल? दोन दोन ग्रुप ठेवले तर कुनीच निळ्यावर येनार न्हाई. काळाबरोबर चालावं लागतंय."

"मामांच्या फोनात ते बसतच न्हाई हो."

"मग फोन बदला की," जीवन म्हणाला. पुण्यात बसून सांगायला काय जातंय. त्याला फुलांचं सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण मामांची गोष्ट त्यांच्या परवानगीशिवाय कशी सांगू? मग मी त्याला निळ्यावर लिहून विनंती केली. त्याच्याकडून अंगठा आला.

चुडाव्याला मनिषालाही फोन केला. अबोला गड्यांचा होता, आम्हा बायकांचं येणंजाणं तुटलेलं नव्हतं, कमी झालं होतं इतकंच. म्हटलं, नाना कसे आहेत?

"बरे हायेत की," ती म्हणाली. पण जरा थांबून म्हणाली.

"काय करायलेत?"

"झोपलेत."

चांगलं उन्ह वर आलं होतं आणि नाना म्हणजे कोंबड्याच्या आधी उठणारा माणूस. मला ते तेव्हाच खटकलं. पण मनिषा लगेच म्हणाली, ताई, दूध उतू चाललंय, आणि फोन ठेवला. मीही कामाला लागले.

मग एक दिवस मामांनी आपणहून मला बोलावलं. पारावर नाही, अंगणात नाही, आत पलंगावर बसले होते. फोन माझ्या हातात दिला.

"काढून टाक."

"काय?"

"फुलं. मागचीच धरून बसलो तर पुढची कशी येतील?"

मी म्हणाले, मामा, घाई नको, नागेश फोन आणतो म्हणालेत. त्यांनी हातानंच थांबवलं. मग ते एकेक फूल बघायला लागले. मला वाटलं आता सगळीच बघणार. पण थोडी बघितली आणि फोन परत दिला. मी सगळ्या फुलांवर खूण केली आणि पुसून टाकली. किती सोपं असतं ते. मला रडू आलं आणि मामांना दिसू नये म्हणून मी त्यांच्याकडे पाठ करून निळं उतरवत बसले. ह्या वेळी ते लगेच बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी पहिल्यांदा, नानांच्या आधी, स्वतःचं फूल टाकलं. जास्वंद होती. भावकीतल्या बाकीच्यांनी हात जोडले, अंगठे दाखवले, कुणी टाळ्या वाजवल्या. नानांचं काहीच नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मग मी माणसांची नावं वर-खाली करून बघितली. जीवन होता, गोपाळ होता, मनिषा होती. भगवाननाना त्यात नव्हतेच. ते निळ्यावर आलेच नव्हते. त्यांच्यासाठी मामांनी सगळी फुलं पुसली होती आणि ते मागं, त्या बंद हिरव्यातच राहिले होते.

हे मी मामांना सांगितलं नाही. संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमीपर्यंत वाण देता येतं. म्हणाले, मनिषाला वाण देऊन येते. मामा लगेच म्हणाले, "जाऊन ये," आणि मी उंबऱ्याबाहेर पडले तरी दारातच उभे होते. पूर्णेवरून जीपनं चुडाव्याला गेले.

मनिषा मला बघून आधी दारातच आडवी आली, मग बाजूला झाली. आत नाना खाटेवर होते. मी त्यांना ओळखलंच नाही. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात अंगावर ठेवलेला, तो त्यांचा आहे असं वाटतच नव्हतं. डाव्या हातात फोन.

"दिवाळीच्या पुढं वारं गेलं अंगावरून," मनिषा म्हणाली. "नांदेडला ठेवलं होतं. पयले पयले थोडं बोलायचे. आता वाचा न्हाई."

"आणि मला म्हणलीस बरे हायेत?"

"काय करू ताई? बोलता येत होतं तवा मला जवळ बशिवलं आन माझ्या लेकराच्या डोक्यावर हात ठिवून शपथ घातली. म्हणले, दादाला कळवायचं न्हाई. कीव करून यायचा असंल तर नको. आन फूल रोज गेलं पायजे, एक दिवस चुकलं तर त्याला शंका येईल."

"म्हणजे दिवाळीपासून फुलं तू धाडायलीस?"

"न्हाई. मी निस्ता फोन धरते. कोणतं फूल ते नानाच बघतेत, दाबतेत बी तेच. डाव्या हातानं." तिनं नानांचं पांघरूण सारखं केलं. "ग्रुप बंद झाल्यापासून लय हैराण करायलेत. मी सांगितलं, नाना, समदे निळ्यावर गेलेत, जीवनभाऊनं बंद केलंय. त्यायला समजतच न्हाई. त्यायला वाटतंय दादानं बंद केलं. आईच्या ग्रुपमधून दादानं आपल्याला बाहेर ठिवलं."

मी नानांकडे बघितलं. त्यांनी बोटानं गुलाब निवडला, वर आजीचा तो रागावलेला फोटो, आणि खाली गुलाब जाईना. करडी ओळ तशीच. त्यांनी पुन्हा दाबलं. मग फोन मनिषाकडे धरला आणि घशातून असा आवाज काढला की माझ्या हातातला वाणाचा डबा खाली पडला. एक अग्नीला थांबला नाही म्हणून दुसरा आयुष्यभर रुसला, आणि आता आईच्या दारातून आपल्याला पुन्हा बाहेर काढलं असं समजून हा खाटेवर पडला होता. आणि तो भाऊ तिकडे ताडकळसला फोन ताटाशेजारी ठेवून जेवत होता. मला दोघांचाही राग आला. दोघांनाही गदागदा हलवावं असं वाटलं. पण ह्यातल्या एकाला हात लावायचीही सोय राहिली नव्हती.

"शपथ तू घेतलीस, मी न्हाई," मी मनिषाला म्हणाले. तिनं नको म्हटलं नाही. मला वाटतं ती कितीतरी दिवस कोणीतरी यायची वाट बघत होती.

घरी आले तेव्हा नागेश आलेला होता. त्याला आधी सांगितलं. तर तो म्हणतो, "बाजारात कुणीतरी म्हणलं होतं, नाना जरा आजारी हायेत. पण फूल तर रोज येत होतं की! म्हणलं आसंल ताप." बोलायला गेले असते तर थांबले नसते. मामांना मी सरळ सांगितलं. वारं गेल्याचं, फुलाचं, शपथेचं, सगळं. दादानं बाहेर ठेवलं असं नानांना वाटतं, हेही सांगितलं. ते लपवावं असं आत्याबाईंनी खुणावलं होतं, पण मला ते जमलं नाही.

मामा उठून उभे राहिले. मग म्हणाले, "दुखण्याला अबोला नसतो," आणि खुंटीवरचा सदरा काढला.

पण तेव्हा निघालो तर पोचेपर्यंत अंधार होईल म्हणून नागेशनं त्यांना सकाळपर्यंत धरून ठेवलं. उजाडल्या उजाडल्या आम्ही निघालो. जीपमध्ये ते एकदाच बोलले. "म्या बंद केलं न्हाई म्हणून सांगितलंस का त्याला?" मी म्हणाले, मनिषानं सांगितलं, पण त्यांना समजत नाही. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

चुडाव्याला घरात शिरल्यावर गोपाळनं वाट दिली. मामा खाटेजवळ गेले, उभेच राहिले. मग कडेला बसले.

"भगवान. मी आलोय रे."

नानांनी बघितलं. त्यांनी ओळखलं की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. नजर मामांच्या तोंडावर बराच वेळ राहिली.

"ग्रुप म्या न्हाई बंद केला," मामा म्हणाले. "आन तवा थांबाय पायजे होतं मी. लोक काहीबी म्हणू दे, थांबाय पायजे होतं. चुकलं माझं."

इतक्या वर्षांचं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. मनिषा तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. मला वाटलं, आता काहीतरी होईल. नानांचे ओठ हललेसुद्धा. पण आवाज आला नाही, आणि मग त्यांची नजर मामांवरून निघाली ती हातातल्या फोनवर गेली. सकाळ होती. फूल टाकायची वेळ झाली होती. त्यांनी गुलाब शोधला, दाबला. गेला नाही. पुन्हा दाबला.

"नाना, दादा इथंच बसलेत की," मनिषा म्हणाली. "कोणाला धाडायलाव?"

त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. पाठव, एवढंच.

"माझ्या नावावर टाक त्याचं," मामा म्हणाले. "एकट्याच्या. आता मी पयलं बोललो, आता काय राह्यलं?"

मनिषानं नानांच्या फोनमध्ये मामांचं नाव उघडलं. आत काहीच नव्हतं, कोरं. एवढ्या वर्षांत कोणीच कोणाला एक अक्षर लिहिलं नव्हतं. तिनं नानांचं बोट धरून गुलाबावर ठेवलं. नानांनी हात झटक्यानं मागं घेतला आणि मूठ मिटली. तिनं पुन्हा उघडायचा प्रयत्न केला. उजव्या अंगात काही राहिलं नव्हतं, पण त्या डाव्या मुठीत भलती ताकद होती. मामांनी ती मूठ बघितली. सगळं विसरलेल्या माणसाला तेवढा कायदा मात्र आठवत होता.

मग मी घाईघाईनं हिरव्यावर नवा ग्रुप केला. नाव तेच, 'तानुबाई परिवार', फोटो तोच. नानांच्या पुढं धरला. ते आजीकडे बघत राहिले, मग बोटानं वर सरकवायला लागले, मागची फुलं बघायला. वर काही नव्हतं. त्यांनी फोन ढकलून दिला.

मी बाहेर ओट्यावर जाऊन जीवनला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. शेवटी निळ्यावर लिहिलं, "जीवनभाऊ, नाना खूप आजारी आहेत. तुमच्या पाया पडते, जुना ग्रुप पाच मिनिटं उघडा. त्यांना एक फूल टाकायचंय." लिहिलेलं मलाच वेड्यासारखं वाटलं. थोड्या वेळानं फोन वाजला. अंगठा. मी हिरवा उघडून बघितला, करडी ओळ तशीच होती. मग अजून एक आलं, "मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी बोलू. नानांना लवकर बरे व्हा सांगा."

आत गेले तेव्हा मामा खाटेवरून उतरून खाली जमिनीवर बसले होते, भावाच्या उशाशी. टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

"काय म्हणला जीवन?"

"संध्याकाळी बघतो म्हणाला."

"बरं."

गोपाळनं चहा आणला. मामांनी तो बाजूला सरकवला. मी म्हणाले, मामा, जीप परत जाईल, आत्याबाई वाट बघत असतील, उद्या पुन्हा येऊ. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. नानांनी फोन पुन्हा छातीवर घेतला होता आणि बोट फुलांवरून फिरत होतं.

"तू जा," मामा म्हणाले. "ह्या बारीला मी थांबतो."

नानांनी वर बघितलं नाही. त्यांना गुलाब सापडला होता आणि ते तो दाबत होते.